लोकांची नेमणूक

घंटा वाजायची, तपासनीस उठून दार उघडायचे आणि समोर कुणीच नसायचं. जिन्यावरून धडधडत खाली जाणारी पावलं तेवढी ऐकू यायची. आठवड्यातून दोनतीनदा तरी हा प्रकार ठरलेला.

शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांनी उभी हयात घालवली होती, त्यामुळे पळून जाणाऱ्या पावलांचं त्यांना नवल नव्हतं. पण नोकरीत असताना पळणारा बिनतिकिटाचा असायचा. आता निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाच्या दारातून पळण्यासारखं कुणी काय केलं असेल, हे काही त्यांच्या ध्यानात येईना.

त्याला कारण होतं त्यांचा चेहरा. भुवया झाडूसारख्या दाट आणि मधोमध जुळलेल्या, कपाळावर कायमची आठी, आणि नजर अशी की ज्याच्या हातात तिकीट आहे त्यानंही खिसे चाचपायला लागावं. एकदा एका बाईंनी तिकीट दाखवलं, पास दाखवला, ओळखपत्र दाखवलं, आणि तरीही हे गृहस्थ हलत नाहीत असं बघून घाबरून पर्समधला नवऱ्याचा फोटोही दाखवला होता. तपासनीस बिचारे पुढच्या माणसानं पाय बाजूला घ्यायची वाट बघत उभे होते. स्वभावानं मेणाहून मऊ. पण ते हसले तरी समोरच्याला वाटायचं, आता दंड बसणार.

एका दुपारी ते दाराशी टपूनच बसले. घंटा वाजायला लागली तसं त्यांनी खाडकन दार उघडलं. आठनऊ वर्षांचा एक मुलगा घंटेवर बोट ठेवून उभा होता. त्यानं तपासनिसांकडे बघितलं, "सॉरी" म्हणाला, मागे सरकताना पायपुसण्याला अडखळला, पायपुसण्यालाही "सॉरी" म्हणाला आणि पळाला. पण या वेळी तो खाली गेला नाही. भांबावून तो समोरच्याच दारात शिरला.

समोरच्या दारावर पाटी होती, 'बालसमुपदेशन केंद्र'. तपासनिसांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पोरं इथली होती तर! ते पायांत चप्पल न घालताच तरातरा गेले आणि दार न ठोठावता आत शिरले.

आत चाळिशीच्या एक बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. तो मुलगा टेबलाखाली होता, आणि बाई टेबलाखाली वाकून त्याच्याशी बोलत होत्या.

"लोक हसतील, लोक बघतील, असं म्हणतोस ना नेहमी," बाई म्हणत होत्या, "पण लोक म्हणजे कोण रे? दिसतात कसे?"

मुलानं टेबलाखालून मान बाहेर काढली, दारात उभ्या असलेल्या तपासनिसांकडे बघितलं आणि बोट दाखवलं.

"हे असे."

बाईंनी वळून बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या. तपासनीस तक्रार करायला आले होते, ती त्यांच्या तोंडातच राहिली.

मुलगा गेल्यावर बाईंनी त्यांना चहा दिला आणि सगळं समजावून सांगितलं. इथं येणाऱ्या मुलांना लोकांची भीती वाटते. नुसती लाज नव्हे. लाजाळू मूल आईच्या मागे लपतं आणि थोड्या वेळानं बाहेर येतं, ही मुलं बाहेर येतच नाहीत. उद्या वर्गात 'हजर' म्हणावं लागणार या विचारानं यांच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून गोळा येतो. आपण चुकू, सगळे बघतील, हसतील, आणि ते हसणं कधी थांबणारच नाही, असं यांना मनापासून वाटतं.

"ते ठीक आहे," तपासनीस म्हणाले. "पण तुमची घंटा सोडून माझी का वाजवतात?"

"घाबरलेली असतात हो. दोन्ही दारं सारखी दिसतात."

"आणि मी दार उघडल्यावर पळतात का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "काका, तुमच्या घरी आरसा आहे ना?"

तपासनिसांनी भुवयांवरून हात फिरवला. बाईंनीच विषय पुढे नेला. मुलं त्यांच्याशी हळूहळू मोकळी होत, त्यांच्यापुढे पोपटासारखी बोलत, पण रस्त्यावर गेली की पुन्हा मिटत. भीती जायची तर ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थोडं थोडं करून उभं राहायला हवं. आणि एका खोलीच्या केंद्रात लोक आणायचे कुठून?

"तुम्ही लोक व्हाल का?" बाईंनी विचारलं.

"एकटा?"

"तुम्ही एकटे पुष्कळ आहात."

तपासनिसांनी मानधन नको म्हणून सांगितलं. अट एकच घातली, ओळखपत्र पाहिजे. जन्मभर छातीवर बिल्ला लावलेल्या माणसाला त्याशिवाय कामावर गेल्यासारखं वाटत नाही. बाईंनी छापून दिलं. वर केंद्राचं नाव, मध्ये फोटो, आणि खाली 'पद : लोक'.

त्यांची बायको घरी कपडे अल्टर करून द्यायची. मशीनवर पाय तसाच ठेवून तिनं ते ओळखपत्र दोनदा वाचलं.

"निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, तुम्ही लोक झालात?"

"त्या बाईंना गरज होती गं."

"मग एक विचारू? लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, करून लग्नापासून मला घरात शिट्टी वाजवू दिली नाहीत. आता तुम्हीच सांगा, लोक काय म्हणतात?"

तपासनिसांनी ओळखपत्र हातात घेऊन विचार केला. "वाजव," ते म्हणाले.

आणि बायकोनं अशी काही लांबलचक शिट्टी मारली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. लोकांनी काही म्हटलं नाही. ते चकित होऊन बायकोकडे बघत राहिले.

पहिल्या दिवशी कामाची पुरती वाट लागली. एक मुलगी धडा वाचत होती आणि लोकांनी समोर बसून ऐकायचं होतं. तपासनिसांनी आपलं सर्वस्व ओतलं. त्यांनी मान हलवली, जिभेनं च्यक्‌ केलं, डोळे वटारले, शेवटी खुर्चीवरून उठून "अरेरे!" म्हणाले. मुलीचं वाचन पहिल्या ओळीतच थांबलं.

"काका," बाई नंतर म्हणाल्या, "याला लोक नाही म्हणत, छळ म्हणतात. एवढं लोक कधी करतात?"

"मग काय करतात?"

"ते तुम्ही जाऊन बघून या."

म्हणून तपासनीस बसथांब्यावर जाऊन बसले. इतकी वर्षं ते बसमध्ये लोकांकडे बघत आले होते, पण लोक लोकांकडे कसे बघतात, याकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. एका माणसाची पिशवी फाटून संत्री रस्ताभर झाली. तपासनीस सरसावून बसले. आता हसतील! पण दोघांनी संत्री उचलून दिली, एकानं "गोड आहेत का?" म्हणून विचारलं आणि बाकीच्यांना बस येते की नाही याचीच काळजी. मग एक मुलगी चालता चालता खांबाला धडकली. थांब्यावरच्या एका आजोबांनी बघितलं, जांभई दिली आणि नाक पुसलं. तपासनीस रोज जाऊन बसायला लागले. त्यांनी बाईंना येऊन सांगितलं, "लोक काहीच करत नाहीत हो! निव्वळ बसतात!"

"हां," बाई म्हणाल्या. "तेवढं तुम्हाला जमलं पाहिजे."

कंटाळलेला चेहरा करायला शिकणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम ठरलं. ते घरी आरशासमोर बसून सराव करायचे. बायको येता-जाता त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. पण जमलं. हळूहळू ते असे तरबेज झाले की मूल वाचत असताना सहज खिडकीबाहेर बघावं, मध्येच घड्याळ बघावं, एखाद्या वाक्याला उगाच हसावं आणि पुन्हा कंटाळावं.

बाईंच्या कामाची भाषा त्यांच्या मात्र लवकर अंगवळणी पडली नाही. प्रत्येक मुलासाठी बाई एक भीतीची शिडी करायच्या. सगळ्यात खाली सोपी पायरी, म्हणजे दुकानदाराला वेळ विचारणं. मग जरा अवघड, मग त्याहून अवघड, आणि सगळ्यात वर ज्याच्या नुसत्या विचारानं घशाला कोरड पडते ते. बाई सहज म्हणाल्या, "उद्या नवीन मुलगी येणार आहे, आपल्याला शिडी लागेल." दुसऱ्या दिवशी तपासनीस इमारतीची ॲल्युमिनियमची शिडी खांद्यावर घेऊन हजर. ती दारातून आत येईना, म्हणून त्यांनी ती तिरपी केली आणि दिवा फोडला. नवीन मुलगी आईमागे उभी राहून हे सगळं बघत होती. ती इतकी दचकली की तोंडाला लावलेली पाण्याची बाटली तिनं क्षणभर खाली घेतली.

मुलांची खरी नावं लोकांना सांगायची नाहीत, हा बाईंचा नियम होता. तेव्हा तपासनीस आपल्या मनानं नावं ठेवायचे. पायपुसण्याची माफी मागणारा तो 'सॉरी'. आणि ही 'बाटली'. वय अकरा. कुणी काही विचारलं की ही बाटली तोंडाला लावायची, कारण पाणी पिणाऱ्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा कुणी करत नाही. बाटली रिकामी असली तरी प्यायची. शाळेत तिचा आवाज कसा आहे, हे वर्गात कुणालाही सांगता आलं नसतं.

उत्तरं द्यायला तिची आई होती. "कितवीत आहेस?" म्हटलं की आई इयत्ता सांगायची. "काय आवडतं?" म्हटलं की आई म्हणायची, "चित्रं काढते, फार छान." बाईंनी आईला बिस्किटांचा डबा दिला. मुलीला प्रश्न विचारला की आईनं एक बिस्कीट तोंडात घालायचं आणि ते संपेपर्यंत बोलायचं नाही. पहिले काही दिवस आईनं इतकी बिस्किटं खाल्ली की ती घरी जेवेनाशी झाली. पण एका दुपारी आईचं तोंड भरलेलं, बाई थांबलेल्या, लोक खिडकीबाहेर बघत बसलेले, आणि त्या शांततेला कंटाळून बाटली म्हणाली, "गांडुळं."

"काय गांडुळं?"

"आवडतात."

आईला ठसका लागला.

तिथून गाडी चालू लागली, अडखळत का होईना. भीती किती वाटते ते दहापैकी सांगायचं, असा बाईंचा प्रघात होता. लोकांना वेळ विचारायची, आठ. लोकांसमोर वाचायचं, नऊ. तेच पुन्हा पुन्हा करत गेलं की आकडा खाली यायचा, मग वरची पायरी. सॉरीचं काम वेगळं होतं. त्यानं लोकांना मुद्दाम धक्का मारायचा आणि सॉरी म्हणायचं नाही. त्यानं धक्का मारला, ओठ गच्च मिटले, निळाजांभळा झाला, आणि शेवटी "धन्यवाद" म्हणून पळाला. बाईंनी ते प्रगतीत धरलं.

मग एक दिवस बाई बाटलीला आणि लोकांना घेऊन घरगुती सामानाच्या एका मोठ्या दुकानात गेल्या. दुकानात शिरण्याआधी त्यांनी बाटलीला विचारलं, "मी इथं डोक्यावर चाळणी घालून फिरले तर काय होईल?"

बाटलीनं बाटली तोंडाला लावली. बाईंनी वाट बघितली.

"सगळे थांबतील," बाटली म्हणाली. "हसतील. फोटो काढतील. मग तुम्हाला बाहेर काढतील."

बाईंनी मांडणीवरची स्टीलची चाळणी उचलून डोक्यावर घातली आणि चालायला लागल्या. उशांच्या विभागातून गेल्या, बादल्यांच्या विभागातून गेल्या. समोरून येणाऱ्या एका जोडप्याचं पडद्यांच्या रंगावरून भांडण चाललं होतं, ते दोघं भांडतच बाजूनं गेले. एका कामगारानं बाईंना "जरा सरका" म्हणून खोकी ढकलत नेली. शेवटी एक म्हाताऱ्या बाई थांबल्या, त्यांनी चाळणीकडे नीट निरखून बघितलं, आणि विचारलं, "ही कुठं ठेवलीय? मला प्लॅस्टिकच्याच दिसतायत."

बाटलीला आधी विश्वासच बसेना. मग तिला राग आला. "बघत का नाहीयेत?" ती कुजबुजली. "चाळणी आहे डोक्यावर! दिसत नाही का यांना?" तिनं बाटली लोकांच्या हातात कोंबली, बाईंच्या डोक्यावरची चाळणी ओढून आपल्या डोक्यावर घातली आणि मधल्या रस्त्यानं तरातरा निघाली. काउंटरवरच्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं मान वर केली. "चाळणीवर सूट संपली," तो म्हणाला.

परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "आता तुम्ही," ती लोकांना म्हणाली.

"माझं डोकं मोठं आहे," लोक म्हणाले.

"बसेल."

"मला बरं दिसणार नाही."

"म्हणूनच तर!"

लोक मागे सरकले आणि एका उभ्या गादीच्या आड गेले. बाटली तिथंही आली. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग अगदी बाईंच्या आवाजात म्हणाली, "कान लाल झालेत तुमचे. किती आहे?"

"काय किती?"

"दहापैकी."

तपासनिसांनी इकडेतिकडे बघितलं. "नऊ," ते हळूच म्हणाले.

चाळणी त्यांनी काही घातली नाही. पण घरी आल्यावर त्यांना जेवण जाईना. ही भीती त्यांच्या चांगली ओळखीची होती. गणवेश आणि बिल्ला असेपर्यंत ते लोकांकडे बघायचे, लोकांनी त्यांच्याकडे बघण्याचा प्रश्नच नव्हता. निरोपसमारंभात साहेबांनी आग्रह केला म्हणून ते माइकसमोर उभे राहिले. डेपोतले सगळे एकदम त्यांच्याकडे बघायला लागले, डोक्यातलं सगळं पुसून गेलं, आणि तोंडातून जे आयुष्यभर निघत आलं तेच निघालं, "तिकीट दाखवा." पहिल्या रांगेतल्या माणसांनी खरोखर खिशात हात घातले. मग प्रचंड हशा आणि टाळ्या. असला विनोद डेपोत कधी झाला नव्हता, असं अजूनही सगळे म्हणतात. तो विनोद नव्हता, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

बाटलीच्या शिडीची सगळ्यात वरची पायरी म्हणजे वर्गात उभं राहून गांडुळाविषयी बोलणं. वर्गशिक्षिकेशी बाईंचं बोलणं झालं होतं. बाटलीनं एकच मागणी केली, लोक पाहिजेत. त्यांनी मागच्या बाकावर बसून कंटाळायचं. बाई आणि तपासनीस शाळेच्या फाटकाशी भेटतील, असं ठरलं.

तपासनीस वेळेआधी पोचले. बाईंची गाडी वाटेत बंद पडली. आणि वर्गशिक्षिका नेमकी आजारी पडून घरी होती. फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, "कोण आपण?"

तपासनिसांनी खिशातल्या ओळखपत्राला हात लावला. 'मी लोक आहे' असं म्हणायचं? रखवालदार काय म्हणेल? त्यांच्या जिभेनं सोपी वाट धरली.

"तपासनीस," ते म्हणाले.

रखवालदारानं त्या भुवया बघितल्या आणि आत धूम ठोकली. पाठोपाठ मुख्याध्यापक शर्ट खोचत धावत आले. "साहेब! आधी कळवलं असतं तर..." तपासनिसांनी सांगायला तोंड उघडलं, पण 'लोक' हा शब्द काही बाहेर पडेना, आणि त्यांचा गप्प चेहरा बघून मुख्याध्यापकांचे हातपाय जास्तच गळाले. कुणीतरी वर्गांतले फळे पुसत होतं, कुणी कुंड्या सरळ करत होतं, संगीताच्या शिक्षकांनी शिट्टी वाजवणाऱ्या एका मुलाला उगाचच कपाटाआड उभं केलं. मैदानावर सगळी शाळा सकाळच्या रांगांमध्ये उभी होती. काय होतंय ते कळायच्या आत तपासनीस चौथऱ्यावर, माइकसमोर होते.

"शिक्षण खात्याचे तपासनीस साहेब आपल्याला दोन शब्द सांगतील," मुख्याध्यापक म्हणाले.

सगळी शाळा त्यांच्याकडे बघायला लागली. इथं पडद्यांवरून कुणी भांडत नव्हतं आणि कुणाची बसही यायची नव्हती. मधल्या एका रांगेत बाटली उभी होती. तिनं त्यांचे कान बघितले, स्वतःच्या कानाला हात लावला आणि मग पंजा हलवून विचारलं, किती?

तपासनिसांनी दोन्ही हात वर केले आणि नऊ बोटं दाखवली.

"नववी!" मुख्याध्यापक माइकवर ओरडले. "साहेबांना नववीचा वर्ग तपासायचाय! नववी, जागेवर थांबा!" नववीच्या रांगेतून दुःखाचा मोठा सुस्कारा आला.

आता मात्र गप्प राहून चालणार नव्हतं. कारण नसताना नववीवर संकट आलं होतं. तपासनिसांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मी शिक्षण खात्याचा नाही," ते म्हणाले. "मी तपासनीस होतो, पण बसचा. आता निवृत्त आहे. मला इथं एका मुलीनं बोलावलंय."

मैदानावर कुजबूज झाली. मुख्याध्यापकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "बसचा? मग शाळेत काय काम? कुठल्या मुलीनं बोलावलंय?"

नाव त्यांना माहीतच नव्हतं, आणि माहीत असतं तरी ते सांगणार नव्हते. बोट दाखवलं असतं तर सगळी शाळा तिच्याकडे वळली असती. तिच्या भीतीत नेमकं तेच तर होतं.

"बोला ना! कुठली मुलगी?" मुख्याध्यापकांनी रखवालदाराला खूण केली. रखवालदारानं येऊन तपासनिसांचा दंड धरला. त्यांनी मान खाली घातली. मुख्याध्यापकांनी पोलिसांचं नाव काढलं.

"मी!"

आवाज चिरका होता, आणि मधूनच फाटला. सगळ्या रांगा वळल्या. कोण बोललं ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही, कारण हा आवाज शाळेत कुणी ऐकलेला नव्हता. बाटली रांगेतून बाहेर येऊन उभी राहिली होती.

"मी बोलावलंय त्यांना," ती ओरडली. "सोडा त्यांना. ते माझे लोक आहेत."

रखवालदारानं दंड सोडला. फाटकातून बाई धापा टाकत आत येत होत्या, हातांना गाडीचं काळं ग्रीस लागलेलं, आणि पुढचं सगळं त्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून निस्तरलं. मुख्याध्यापकांना ते समजायला बराच वेळ लागला. 'पद : लोक' हे त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि शेवटी विचारलं, "खात्याकडून कुणी येणार तर नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला.

बदली आलेल्या शिक्षकांनी त्याच दिवशी गांडुळाचा कार्यक्रम घेऊ दिला. तो काही फार छान झाला नाही. बाटली कागदात तोंड खुपसून बोलली, एक भाग विसरली, एक दोनदा वाचला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा सगळा वेळ खोडरबराचे तुकडे करत होता. लोक मागे बसले होते, पण कंटाळायचं ते साफ विसरले. पुढे झुकून, तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. शेवटी कागदावर नसलेलं एक वाक्य ती बोलली, "गांडुळाला कान नसतात, म्हणून त्याचे लाल पण होत नाहीत." वर्ग हसला. ती दचकली, बाटलीकडे हात गेला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की हे हसणं तिच्या वाक्याला आलंय, तिला नाही. ते थोड्या वेळानं थांबलंही.

"किती?" बाईंनी बाहेर आल्यावर विचारलं.

"आधी दहा. आता सहा."

"सहा म्हणजे भीती वाटतेच की," आई बिस्कीट न खाता म्हणाली.

"वाटते," बाटली म्हणाली. "पण भूक पण लागलीय."

ती पुढे काही महिने येत राहिली, मग कमी, मग बंद. सॉरीनं एक दिवस लोकांना इतका जोरदार धक्का मारला की ते खरोखर पडले. तो थांबला, हात देऊन त्यांना उठवलं, नीट तोंडाकडे बघून "लागलं का?" म्हणाला. बाईंच्या मते हे सॉरीपेक्षा वेगळं होतं. मुलं वाढली तसे लोक कमी पडायला लागले आणि बाईंनी तपासनिसांच्या बायकोलाही बोलावलं. तिला गप्प बसून कंटाळणं मुळीच जमलं नाही. ती मुलांना मध्येच थांबवून त्यांच्या शर्टाची शिवण तपासायची. बाई म्हणाल्या, असेही लोक असतातच.

एका संध्याकाळी तपासनीस बाजारातून घरी चालले होते. समोरून मुलींचा घोळका येत होता, आणि मधोमध बाटली. उंच झाली होती. हात हवेत नाचवत काहीतरी सांगत होती, आणि बाकीच्या तिला मध्येच तोडून आपलं सांगत होत्या. तपासनिसांना इतका आनंद झाला की त्यांनी भर रस्त्यात हात उंच केला.

बाटली त्यांच्या शेजारून निघून गेली. तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. बोलण्यात इतकी गुंग की शेजारून हत्ती गेला असता तरी तिला कळलं नसतं.

तपासनीस हात वर धरून तसेच उभे राहिले. मनात कुठंतरी टोचलं. आणि त्यांच्या पुढ्यात करकचून ब्रेक लावत एक टॅक्सी थांबली. चालकानं हात मागे लांबवून दार उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. पदपथावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. घर पुढच्याच वळणावर होतं. एरवी ते मुकाट्यानं आत बसले असते आणि नको त्या ठिकाणी जाऊन बसनं परत आले असते.

त्यांनी कानाला हात लावून बघितला. गरम होता.

"तुम्हाला नाही," ते खिडकीशी वाकून म्हणाले. "मी एका ओळखीच्या मुलीला हात केला होता. तिनं बघितलं नाही."

"असं होय," चालक म्हणाला, त्यानं दार ओढून घेतलं आणि गेला.